ऋतुनिवृत्ति आणि मन : एका निदानाचा इतिहास

भाद्रपद शुद्ध पंचमीच्या पहांटे भुसावळच्या जुन्या वस्तींतून आणि रेल्वेच्या चाळींतून प्रौढ बायका तापीच्या दिशेनें निघाल्या आहेत, हें दृश्य माझ्या लहानपणीं दरसाल दिसे. हातांत आघाड्याच्या काड्यांची जुडी, खांद्यावर कोरडें लुगडें. त्या दिवशीं बैलाच्या श्रमाचें कांहीं खावयाचें नाहीं. परसांत उगवलेल्या भाज्या एकत्र शिजवून केलेली ऋषीची भाजी हाच आहार. त्या घोळक्यांत तरुण सुना थोड्याच असत. १९९३ सालीं माझी आई त्यांत पहिल्यानें सामील झाली. "आतां तुला यायला काय हरकत?" असें शेजारच्या आजी तिला म्हणाल्याचें मला आठवतें. पूर्वीं हरकत कसली होती आणि ती कशी सरली, हें त्यांनीं उच्चारलें नाहीं. आणि मी एम. ए.चा विद्यार्थी असूनहि तें विचारलें नाहीं.

त्या वर्षीं आई आम्हांला अनोळखी झाली होती. वडील रेल्वेंत गार्ड होते. त्यांची सेवानिवृत्ति वर्षभरावर आलेली, म्हणजे क्वार्टर सोडावें लागणार. आईचें वय अठ्ठेचाळीस. रात्रीं दोन-अडीचच्या सुमारास अंगाची लाही होऊन ती जागी होई, घामानें भिजे, आणि मग यार्डांतल्या शंटिंगचे ठोके ऐकत पहांट करी. दिवसां पोळी लाटतां लाटतां तिचे डोळे भरून येत. देवापुढें म्हणावयाचीं पदें तिनें सोडून दिलीं होतीं. एका डॉक्टरांनीं "या वयांत असें व्हावयाचेंच" म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या एका दवाखान्यांत "हें सारें मनाचे खेळ आहेत, मन रमवा" असा उपदेश मिळाला. रावेरकडच्या एका नातलग बाईंनीं "बाहेरचें लागलें आहे" असें ठरवून ताईत आणला. तिघांनींहि दुखण्याला एकेक नांव दिलें. जो प्रश्न विचारावयास हवा होता, तो मात्र तिघांपैकीं एकानेंहि विचारला नाहीं. तो कोणता, तें पुढें येईल.

पुढें इतिहास शिकवूं लागल्यावर माझ्या ध्यानांत आलें कीं आमच्या घरांत जें घडलें, तें लहान प्रमाणावर गेल्या दोनशें वर्षांच्या वैद्यकाच्या इतिहासांत घडून गेलेलें आहे. चाळिशी-पन्नाशीच्या स्त्रीच्या मनोव्यथेवर दोन बाजूंनीं अन्याय होत आला. कधीं तिचें सर्व दुःख ऋतुनिवृत्तीच्या माथीं मारण्यांत आलें. कधीं ऋतुनिवृत्तीचा मनाशीं कांहीं संबंधच नाहीं, असें ठरविण्यांत आलें. दोन्ही वेळां परिणाम एकच : त्या बाईची हकीकत ऐकून घ्यावयाची राहून गेली.

प्रथम आपल्याच घरांतील शब्द पाहूं. मुलीला पहिल्यानें ऋतु प्राप्त झाला कीं तिला 'न्हाण आलें', तिला 'पदर आला' असें म्हणत. तिला मखरांत बसवीत, आहेर करीत, गाणीं म्हणत. ऋतुशांतीचा विधि तर शास्त्रोक्तच होता. ज्या देहधर्माच्या आरंभाचा एवढा गाजावाजा, त्याच्या अखेरीला मात्र 'गेली', 'थांबली', 'विटाळ सुटला' अशीं दोन-तीन क्रियापदें पुरत. 'ऋतुनिवृत्ति' आणि 'रजोनिवृत्ति' हे शब्द पुस्तकांत राहिले. घरांत ते कोणी बोलत नसे. आमच्या रेल्वेच्या गांवांत तर 'पाळी' म्हटली कीं प्रथम कामाची पाळीच आठवे. दुसरा अर्थ बायका आपसांत, आवाज उतरवून वापरीत.

आपल्या वैद्यकानें या घटनेची नोंद फार पूर्वीं केली. सुश्रुतसंहितेंत बाराव्या वर्षापासून रज सुरू होतें व पन्नासाव्या वर्षाच्या सुमारास, शरीर जरेनें पिकलें असतां, तें क्षय पावतें, असें सांगितलें आहे. येथें ऋतुनिवृत्ति हा रोग नव्हे. केस पिकावे तसा तो काळाचा धर्म आहे. ही समजूत निकोप होती यांत संशय नाहीं. पण त्या काळाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या बाईच्या मनाचें काय होतें, याविषयीं त्या वचनांत एक अक्षर नाहीं.

धर्मानें मात्र या क्षणाला एक विधि जोडला, तो ऋषिपंचमीचा. कहाणी सर्वांना ठाऊक आहे. विटाळाचे दिवस न पाळल्यामुळें ब्राह्मणाची बायको पुढल्या जन्मीं कुत्री झाली, आणि तिचा दोष लागून नवरा बैल झाला. मुलानें व्रत केलें तेव्हां दोघे सुटले. पाळी गेल्यावर अनेक घरांतून या व्रताचें उद्यापन करीत. आज ही कहाणी वाचतांना मन खट्टू होतें. तीस-पस्तीस वर्षें ज्या देहधर्माच्या बळावर घराण्याचा वंश चालला, त्याबद्दल त्या बाईनें अखेरीस क्षमा मागावयाची! तथापि त्या विधीची दुसरीहि एक बाजू आहे. एका वयाच्या, एका अवस्थेंतून जाणाऱ्या बायका त्या दिवशीं घराबाहेर पडून नदीवर एकत्र येत, एकत्र जेवीत आणि बोलत. कहाणीनें त्यांना अपराधी ठरविलें, आणि त्याच निमित्तानें त्यांना सोबतहि मिळाली.

महाराष्ट्रांतील सुधारणेच्या इतिहासाकडे वळावें, तर तेथेंहि सारा प्रकाश आरंभावरच पडलेला दिसतो. १८८४ सालीं मलबारींनीं बालविवाह आणि सक्तीचें वैधव्य यांवरील टिपणें प्रसिद्ध केलीं. त्याच वर्षीं रखमाबाईंवर त्यांच्या पतीनें दावा लावला. १८९१ सालीं संमतिवयाची मर्यादा दहांवरून बारांवर नेणारा कायदा झाला, तेव्हां गर्भाधानाचा योग्य काळ कोणता यावरून टिळक आणि सुधारक यांच्यांत केवढें रण माजलें! १९२९ सालीं शारदा कायदा आला. स्त्रीला ऋतु केव्हां प्राप्त होतो, हा प्रश्न भर सभेंत आणि वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांत चर्चिला गेला. तो केव्हां निवृत्त होतो आणि त्यापुढें तिचें काय, हा प्रश्न त्या रणांत आला नाहीं.

दवाखान्यांचा इतिहासहि याला धरूनच आहे. १८८५ सालीं लेडी डफरिन फंड निघाला. १८८६ सालीं मुंबईस कामा इस्पितळ सुरू झालें. रखमाबाई स्वतः विलायतेंत वैद्यक शिकून आल्या आणि सुरत व राजकोट येथें त्यांनीं दीर्घकाळ स्त्रियांची सेवा केली. बाळंतपणांत बायका किड्यामुंग्यांसारख्या मरत असतां या चळवळीचें लक्ष प्रसूतीकडे लागावें, हें योग्यच होतें. पण त्यामुळें 'स्त्रियांचें आरोग्य' म्हणजे 'मातेचें आरोग्य' असें समीकरण आपल्या राज्यकारभारांत रुजलें तें रुजलेंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत स्त्रियांची जी सविस्तर मुलाखत घेतात, ती पंधरा ते एकूणपन्नास या वयाच्या स्त्रियांची. पन्नाशी लागली कीं ती बाई त्या प्रश्नावलींतून बाहेर पडते.

यावर कोणी म्हणेल, त्या काळीं पन्नाशीपर्यंत जगत होतें कोण? स्वातंत्र्याच्या सुमारास आपलें सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होतें. आज तें सत्तरीला पोंचलें आहे. परंतु सरासरी ही फसवी असते. ती मुख्यतः अर्भकांच्या मृत्यूनें खालीं ओढलेली होती. बाळंतपणें, दुष्काळ, प्लेग आणि १९१८ चा इन्फ्लुएंझा यांतून निभावून पन्नाशी गांठणाऱ्या बायका प्रत्येक वाड्यांत होत्या. त्यांपैकीं ज्यांचें मन ढासळलें त्या वेड्यांच्या इस्पितळाच्या दप्तरांत क्वचितच दिसतात. रत्नागिरीचें इस्पितळ १८८६ चें, ठाण्याचें १९०१ चें. तेथें स्त्रियांची संख्या पुरुषांच्या मानानें फार थोडी असे. जी बाई दगड मारी किंवा रस्त्यांत भटके, तिला तेथें नेत. घरच्या कोपऱ्यांत बसून मूकपणें रडणारीला कोण नेणार? आजहि ठाणें, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर या चार जुन्या मनोरुग्णालयांपैकीं एकहि खानदेशांत नाहीं.

युरोपांत गोष्ट उलट्या टोकाला गेली. गार्दान नांवाच्या फ्रेंच वैद्यानें १८२१ सालीं ऋतुनिवृत्तीला 'मेनोपॉज' हें नांव कायम केलें. नांव मिळालें कीं व्याधि जमूं लागतात. १८५७ सालीं लंडनच्या एडवर्ड टिल्ट या डॉक्टरांनीं या 'पालटाच्या काळा'वर स्वतंत्र ग्रंथ लिहून त्याच्या पदरांत अनेक मज्जाविकार घातले. एडिंबरोचे डेव्हिड स्के यांनीं वेडाचे प्रकार लावतांना या वयाचें वेड म्हणून एक निराळा वर्गच पाडला. पुढें १८९६ सालीं आधुनिक मानसोपचाराचे एक जनक एमिल क्रेपेलिन यांनीं आपल्या पाठ्यपुस्तकांत 'इन्व्होल्यूशनल मेलँकोलिया', म्हणजे उतारवयांतील विषादरोग, हें निदान मांडलें. चाळिशीनंतर प्रथमच उद्भवणारा, तळमळ, अपराधीपणाची भावना आणि घोर निराशा यांनीं युक्त असा हा स्वतंत्र रोग आहे, असें त्यांचें म्हणणें होतें.

या निदानाची पुढील कथा मोठी बोधप्रद आहे. क्रेपेलिन यांच्याच प्रेरणेनें ड्रेफस नांवाच्या तरुण डॉक्टरांनीं हायडेलबर्गच्या त्या जुन्या रुग्णांचा पुन्हा शोध घेतला. त्यांनीं कोणतें नवें यंत्र आणलें नाहीं. प्रत्येकाची मागील हकीकत तेवढी नीट विचारली. १९०७ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा कीं, यांपैकीं पुष्कळांना तारुण्यांतहि विषादाचे झटके येऊन गेलेले होते, आणि बहुतेक जण कालांतरानें बरेहि झाले होते. म्हणजे हा वयानें निर्माण केलेला नवा रोग नव्हता. जुनीच व्यथा या वयांत पुन्हा डोकें वर काढीत होती. क्रेपेलिन यांचा मोठेपणा असा कीं त्यांनीं आपलें मत बदललें आणि पुस्तकाच्या आठव्या आवृत्तींत त्या निदानाचें स्वतंत्र स्थान काढून घेतलें.

पण जनकानें टाकलेलें हें मूल जगानें पुढें सत्तर वर्षें पोसलें. विजेच्या झटक्यांचा उपचार १९३८ सालीं निघाला, तेव्हां तो या निदानाच्या रुग्णांवर विशेष प्रमाणांत होऊं लागला. १९४४-४५ मध्यें हेलन डॉइच या मनोविश्लेषक विदुषीनें ऋतुनिवृत्ति म्हणजे स्त्रीचें एक प्रकारचें अर्धें मरणच, असें चित्र रंगविलें. अमेरिकन मानसोपचारसंघाच्या १९५२ व १९६८ च्या निदानसूचींत हा रोग कायम होता. १९७९ सालीं मर्ना वाइसमन यांनीं या वयांतील स्त्रियांच्या विषादाची लक्षणें इतर वयांतील विषादाहून निराळीं नाहींत असें दाखविलें, आणि १९८० च्या तिसऱ्या आवृत्तींत तें नांव अखेर गळालें.

दरम्यान दुसरी एक लाट आली होती. १९२९ सालीं डॉइझी आणि बुटेनांट यांनीं स्त्रीदेहांतील इस्ट्रोजन-वर्गाचें द्रव्य शुद्ध रूपांत वेगळें काढलें; १९४२ पासून त्या वर्गाचीं औषधें अमेरिकेंत गोळीच्या रूपानें सर्रास मिळूं लागलीं. १९६६ सालीं रॉबर्ट विल्सन या डॉक्टरांनीं लोकप्रिय पुस्तक लिहून, ऋतुनिवृत्ति हा निव्वळ तुटवड्याचा रोग आहे, गोळी घ्या आणि चिरतरुण राहा, असा डांगोरा पिटला. २००२ सालीं अमेरिकेंतील एका प्रचंड चांचणीचा संयुक्त औषधांचा भाग स्तनांचा कर्करोग व हृदयविकार यांच्या भीतीनें थांबवावा लागला, तेव्हां त्याच गोळ्या एका रात्रींत विष ठरल्या. आतां मत स्थिरावलें आहे तें असें कीं साठीच्या आंत, ऋतुनिवृत्तीपासून दहा वर्षांच्या मुदतींत, योग्य तपासणी करून दिल्यास अंगाची लाही व घाम यांवर तीं उपयुक्त आहेत. तीं चिरतारुण्याचें अमृतहि नव्हेत आणि विषहि नव्हेत.

युरोप-अमेरिकेनें या अवस्थेचा रोग केला, तर आपल्याकडे ती सुखाचीच होती असें समजावें काय? १९७५ सालीं मार्शा फ्लिंट या मानवशास्त्रज्ञ बाईंनीं राजस्थान व हिमाचल प्रदेशांतील ४८३ रजपूत स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाळी जाण्यापलीकडे त्यांची फारशी तक्रार नव्हती. उलट पडद्यांतून सुटका होऊन त्यांचा मान वाढे. आपल्याहि घरांत हें कांहीं अंशीं खरेंच होतें. बाजूला बसणें संपे, देवघर सदैव मोकळें होई, उन्हाळ्यांत बिबडे-पापड घालतांना कोणी 'लांब हो' म्हणत नसे. सासूपणाच्या किल्ल्या याच सुमारास कमरेला येत. परंतु विधवेच्या, निपुत्रिकेच्या आणि मजुरी करणाऱ्या बाईच्या कमरेला त्या कधीं आल्या? शिवाय, तक्रार कानीं आली नाहीं म्हणजे दुःख नव्हतें, असें इतिहासाच्या अभ्यासकानें म्हणूं नये. आमच्या आईचीहि तक्रार कोणत्याच दप्तरांत नाहीं.

आजचें शास्त्र या दोन टोकांच्या मध्यें उभें आहे. शेवटच्या पाळीनंतर बारा महिने लोटले म्हणजे ऋतुनिवृत्ति झाली असें धरतात. आपल्या देशांत तें वय सरासरीनें सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास येतें, पाश्चात्य देशांत एक्कावन्नच्या. मनाला खरा त्रास देतो तो त्याआधींचा आणि लगतचा संधिकाल. त्या कांहीं वर्षांत शरीरांतील इस्ट्रोजन संथपणें ओसरत नाहीं. भरती-ओहोटीसारखें वरखालीं होतें, आणि झोप व चित्तवृत्ति यांचें नियमन करणाऱ्या मेंदूंतील क्रियांना त्याचे हेलकावे बसतात. १९९६ पासून अमेरिकेंत चाललेल्या एका दीर्घ अभ्यासाच्या २०११ मधील निष्कर्षाप्रमाणें, त्याच स्त्रियांच्या आधींच्या काळाशीं तुलना करतां या काळांत तीव्र विषादाचा झटका येण्याचा संभव दुपटीपासून चौपटीपर्यंत वाढतो. तथापि बहुसंख्य स्त्रियांना असा झटका येत नाहीं. ज्यांना येतो त्यांच्यांत पूर्वीं कधीं विषाद होऊन गेलेल्या स्त्रिया अधिक असतात. ड्रेफस यांनीं १९०७ सालीं जुन्या रुग्णांत जें पाहिलें, त्याला शंभर वर्षांनीं असा दुजोरा मिळाला.

म्हणून या वयांत निदान अवघड असतें. निद्रानाश, थकवा, विस्मरण, छातींतील धडधड हीं लक्षणें संधिकालाचीं, तशींच विषादाचीं, थायरॉइडच्या विकाराचीं आणि रक्तक्षयाचींहि. आपल्याकडे पंधरा ते एकूणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ जणींना रक्तक्षय असल्याचें २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणींत आढळलें. एकाच बाईच्या ठिकाणीं यांपैकीं दोन-तीन कारणें एकत्र असूं शकतात. अशा वेळीं 'वय झालें' हें उत्तर देणें म्हणजे निदान टाळणें होय. विषाद असेल तर त्याला वयाची सबब न सांगतां औषध व समुपदेशन मिळालें पाहिजे. जीव नकोसा झाल्याचें बोलणें तर कोणत्याहि वयांत 'चालावयाचेंच' म्हणून सोडतां येत नाहीं.

आणि हा प्रश्न केवळ पांढरपेशा घरांचा आहे असें कोणीं समजूं नये. २०१९ सालीं बीड जिल्ह्यांतील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाला, तेव्हां सरकारी पाहणींत ८२,३०९ स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. त्यांत तिशी-पस्तिशीच्या बायकाहि होत्या. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. एक खाडा पडला तर दंड. घेतलेली उचल फिटेपर्यंत सुटका नाहीं. मग पाळीच नको, असा हिशेब त्यांच्या गळीं उतरविणें कठीण नव्हतें. अशा शस्त्रक्रियेंत बीजकोषहि काढले गेले, तर दहा वर्षांत हळूहळू यावयाची ऋतुनिवृत्ति एका दिवसांत अंगावर कोसळते. ते राखले तरी ती लवकर येण्याचा संभव वाढतो. पुढें त्या बाईची झोप उडाली, ती चिडचिडी झाली, फडांत बसून रडूं लागली, तर तिचें निदान कोण करणार? तिला तर 'वय झालें' असेंहि म्हणतां येत नाहीं.

आतां मघाशीं राखून ठेवलेला प्रश्न. १९९३ च्या त्या ऋषिपंचमीला, सायंकाळीं ऋषीची भाजी वाढली गेली तेव्हां शेजारच्या त्या आजींनीं आईच्या पानाकडे पाहिलें. ती जेवत नव्हती. "असं आधीं कधीं झालं होतं का व माय?" त्यांनीं सहज विचारलें. आई बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, धाकट्याच्या वेळीं बाळंत झाल्यावर सहा महिने मी अशीच होतें. कोणाला सांगितलें नाहीं. वीस वर्षें जपलेली ती गोष्ट तिनें प्रथम त्या पंक्तींत सांगितली. त्यानंतर आम्ही तिला ज्या डॉक्टरबाईंकडे नेलें, त्यांना त्या एका वाक्यावरून वाट सांपडली. आठ-नऊ महिन्यांच्या उपचारानें आई सावरली. क्वार्टर सोडून आम्ही भाड्याच्या घरांत गेलों, तेव्हां तिनें नव्या देवघरापुढें बसून पुन्हा पदें म्हटलीं.

त्या आजींना अक्षरओळख नव्हती. क्रेपेलिन आणि ड्रेफस हीं नांवें त्यांच्या कानांवरून जाण्याचा संभव नव्हता. तरी हायडेलबर्गला जो प्रश्न विचारला गेल्यामुळें एक चुकीचें निदान मागें घ्यावें लागलें, तोच त्यांनीं पानावर बसून विचारला, आणि उत्तर येईपर्यंत त्या थांबल्या. ऋषिपंचमीच्या कहाणींतील अपराधाचा भाग आपण खुशाल सोडून द्यावा. पण एका वयाच्या बायकांनीं वर्षांतून एकदां तरी एकत्र बसून एकमेकींना हें विचारावें, ही रीत टिकविण्यासारखी आहे. आणि बायकांनींच कां? ज्या घरांत आई, बहीण किंवा पत्नी या वयाला पोंचली आहे, त्या घरांतील पुरुषांनींहि तें विचारावें. मी त्या वर्षीं विचारलें नाहीं, याची रुखरुख मला अजून आहे.